निळा दगड आणि कोरडी विहीर

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)

मित्रहो, मराठवाड्यातल्या माणसाला दगडाचं कौतुक सांगायला जाणं म्हणजे कोकणातल्या माणसाला पावसाचं कौतुक सांगण्यासारखं आहे. आमच्या अहमदपूर तालुक्यात दगडाला तोटा नाही. शेतात दगड, बांधावर दगड, गावाच्या वेशीला दगड, आणि गुरुजी चिडले की आमच्या डोक्यातही दगडच! बालाघाटच्या रांगांवरचा हा भाग. नांदेडहून लातूरकडे जाताना उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीतून बघा, काळी रानं, काळे माळ आणि मधे चार-दोन बाभळी. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर ओळखपरेड झाली तेव्हा कोल्हापूरच्या मित्राने तांबडा-पांढरा सांगितला, नागपूरच्याने संत्री सांगितली. माझी पाळी आल्यावर मला काही सुचेना. मी म्हणालो, "अहमदपूर. आमच्याकडे दगड." सगळे हसले आणि त्या दिवसापासून माझं नाव 'दगड्या' पडलं ते पडलंच.

तर या दगड्याने यंदा दगडावरच लिहायचं ठरवलं आहे. विषय जरा अभ्यासाचा आहे, पण घाबरू नका, शेवटी व्हायवा नाही.

आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. इंजिनिअरिंग जिऑलॉजीच्या पेपरात 'डेक्कन ट्रॅप' ही टीप हमखास येते, म्हणून आपण ती पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा नवा लाव्हा आला. असे थरावर थर बसत गेले. आज शिल्लक असलेला हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. थरांमुळे डोंगर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात, म्हणून 'ट्रॅप'. हा शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला. पश्चिम घाटात हे थर फार जाड आहेत आणि आपल्याकडे येईपर्यंत पातळ होत जातात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल बोअर घेतलं, तेव्हा सुमारे ३३८ मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली त्याच्यापेक्षा कितीतरी जुना स्फटिकी खडक लागला. तोच जुना पाया पूर्वेला देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट म्हणून उघडा पडलेला आहे. म्हणजे आम्ही अहमदपूरकर या काळ्या चादरीच्या कडेजवळ राहतो.

आता मुद्द्याची गोष्ट. लाव्ह्यात वायू कोंडलेला असतो. उतू जाणाऱ्या दुधात बुडबुडे वर यावेत तसे वायूचे बुडबुडे लाव्ह्याच्या वरच्या भागात जमतात, आणि तेवढ्यात लाव्हा थिजला की बुडबुड्याच्या जागी पोकळी राहते. कुठे मोहरीएवढी, कुठे घागरीएवढी, क्वचित माणूस वाकून आत जाईल एवढी. पुढे गरम पाणी दगडातून झिरपत राहतं. ते दगडातलंच सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवून घेतं आणि पोकळीत नेऊन ठेवतं. तिथे सावकाश, कुणाची घाई नसताना, स्फटिक वाढतात. आपल्याकडे त्या सगळ्याला सरसकट एकच नाव आहे, 'गारगोटी'. खरी गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ, पण आमच्या आज्जीला हा फरक सांगायची कुणाची हिंमत नाही.

मी हे सगळं पुस्तकात वाचण्याआधी डोळ्यांनी बघितलं होतं. २०१६ चा उन्हाळा आपल्या भागातला कोणी विसरणार नाही. त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. मी तेव्हा सहावीत होतो. त्याच उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, विहीर पाडायला घेतली. आधी पाणाड्या आला. त्याच्या तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी उभा राहिला आणि तिथे चुना टाकला गेला. मग यारी आली, सुरुंगवाले आले. वरची माती गेली, मुरूम गेला, आणि काळा खडक सुरू झाला. रोज संध्याकाळी सुरुंग उडायचे, सकाळी डबर वर यायचं आणि तात्या कठड्यावर बसून खाली ओल दिसते का ते बघायचे.

७ परस गेल्यावर एका सकाळी डबरात पांढरंशुभ्र काहीतरी चमकलं. यारीवाल्याने ओरडून सगळ्यांना बोलावलं. खालच्या कपारीत एक मोठी पोकळी फुटली होती आणि तिच्या आतल्या भिंतीला सगळीकडे स्फटिक लगडलेले होते. काही गव्हाच्या पेंडीसारखे, मधे आवळलेले आणि दोन्हीकडे पसरलेले, किंचित गुलाबी. काही काचेसारखे स्वच्छ, वर टोक असलेले. अर्धं गाव बघायला लोटलं. आज्जीने त्यातला एक मोठा तुकडा देवळीत ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. आम्हा पोरांना तर खजिना सापडल्यासारखं झालं. तात्या मात्र एवढंच म्हणाले, "पाणी लागंना गेलंय अन् तुमाला खडीसाखर सुचायलीय."

पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर एक माणूस आला. असे लोक विहिरी आणि खाणींवर फिरत असतात हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. त्याने दोन पोती भरून स्फटिक नेले आणि तात्यांच्या हातावर ८०० रुपये ठेवले. तात्यांना ते जास्तच वाटले, कारण त्यांच्या दृष्टीने तो राडारोडाच होता. विहीर ९ परसांपर्यंत गेली. पाणी लागलं नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज उरलं, बैलजोडी विकावी लागली, आणि दिवाळीनंतर तात्या पुण्याला गेले. नगर रोडला वाघोलीच्या बाजूला एका दगडखाणीवर टिपर चालवायला. घरचा दगड सोडून माणूस परक्या दगडाकडे गेला. दोन वर्षं ते तिकडे होते.

त्या विहिरीतला एक तुकडा मी जपून ठेवला होता. दुसऱ्या वर्षाला जिऑलॉजीचं प्रॅक्टिकल लागलं तेव्हा तो खिशात घालून लॅबला गेलो. सरांनी तो उजेडात धरला, नखाने, मग चाकूने कोरून बघितला, सौम्य ॲसिडचा थेंब टाकला. फसफसलं नाही. "कॅल्साइट नाही. हा स्टिलबाइट, आणि हा वरचा चकचकीत ॲपोफिलाइट. कुठल्या दुकानातून आणलास?" मी म्हणालो, "सर, विहिरीतून." त्या दिवशी पहिल्यांदा मला अहमदपूरचा म्हणून जरा बरं वाटलं.

स्टिलबाइट हा झिओलाइट कुटुंबातला. १७५६ साली क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने असा एक दगड फुंकणीच्या ज्योतीत तापवला, तर तो उकळल्यासारखा फेसाळला. कारण त्याच्या आत पाणी होतं. म्हणून त्याने नाव ठेवलं झिओलाइट, म्हणजे ग्रीक भाषेत 'उकळणारा दगड'. आपला महाराष्ट्र या खनिजांसाठी जगभर प्रसिद्ध आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? मुंबई-पुणे रेल्वेसाठी बोरघाट फोडला गेला, १८६३ मध्ये तो मार्ग सुरू झाला. तेव्हा बोगद्यांतून निघालेले ॲपोफिलाइट आणि स्टिलबाइटचे नमुने परदेशातल्या संग्रहालयांत जाऊन बसले. नंतर पुणे, नाशिक, जळगाव, नगर, औरंगाबाद, जिथे जिथे खाण किंवा विहीर खोदली तिथे तिथे हे निघत राहिलं.

गेल्या वर्षी आमची औद्योगिक सहल नाशिक भागात गेली होती. सिन्नरजवळ माळेगाव एमआयडीसीत 'गारगोटी' नावाचं खनिज संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी आयुष्यभर जमवलेले नमुने तिथे मांडलेले आहेत. खरं सांगायचं तर आम्ही एसी आहे म्हणून आत शिरलो. पण आत गेल्यावर एका काचेसमोर मी थांबलो तो थांबलोच. पांढऱ्या स्टिलबाइटवर निळे चेंडू बसले होते. शाईचा निळा नाही, आकाशाचाही नाही. मोराच्या मानेचा असतो ना, तो निळा. एकेक चेंडू जेमतेम ज्वारीच्या दाण्यापासून बोरापर्यंत, आणि जवळून बघितलं तर असंख्य बारीक निळ्या काट्यांचा बनलेला. खाली चिठ्ठी होती: कॅव्हन्साइट, वाघोली, पुणे.

वाघोली! तात्या जिथे टिपर चालवत होते ती वाघोली. आपल्याकडून नगर रोडने पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स पहाटे जिथे पोरांना उतरवते ती वाघोली. मी तिथूनच तात्यांना फोन लावला. ते म्हणाले, "व्हय की. आमच्या खाणीतली जुनी माणसं सांगायची, पूर्वी निळं निघायचं म्हणून. निघालं की मुकादम आधी उचलायचा. आम्हाला खडीशी मतलब."

परत आल्यावर मी लायब्ररीत बसून या निळ्या दगडाची माहिती काढली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कॅव्हन्साइट हे नाव कुठल्या माणसाचं किंवा गावाचं नाही. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांचे तुकडे जोडून ते तयार केलं आहे, आपण ग्रुपमधल्या पोरांची आद्याक्षरं जोडून प्रोजेक्टला नाव देतो तसं. हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६० च्या दशकात अमेरिकेच्या ओरेगन राज्यात आणि १९७३ मध्ये त्याची रीतसर नोंद झाली. तिथे ते अगदी थोडं मिळालं. पुण्याच्या बाजूला ते १९७० च्या दशकात दिसलं, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी वाघोलीच्या खाणींतून असे नमुने निघाले की जगातल्या संग्राहकांनी डोळे विस्फारले. आजही उत्तम कॅव्हन्साइट म्हटलं की वाघोलीचंच नाव घेतात.

गुणधर्म सांगायचे तर हा दगड मोठा नाजूक. मोजच्या पट्टीवर काठिण्य ३ ते ४, म्हणजे चाकूने सहज ओरखडा उठतो. विशिष्ट गुरुत्व साधारण २.२ ते २.३. बेसाल्टचं ३ च्या जवळपास असतं, त्यामानाने हा हलका. सूक्ष्मदर्शकाखाली ध्रुवीय प्रकाशात फिरवला तर एका दिशेला निळा दिसतो आणि दुसऱ्या दिशेला जवळजवळ रंगहीन. रचना अशी की सिलिकाचे पापुद्रे, त्यांना जोडणारे व्हॅनेडियम आणि कॅल्शियमचे अणू, आणि मधल्या वाटांमध्ये पाण्याचे रेणू. झिओलाइटसारखीच पोकळ बांधणी, पण यात ॲल्युमिनियम नाही, म्हणून हा झिओलाइटांच्या पंगतीला बसतो पण त्यांच्या कुळातला नाही. याचा एक जुळा भाऊही आहे, पेंटागोनाइट. दोघांचं रासायनिक सूत्र अगदी एकच, फक्त सिलिकाच्या कड्या वेगळ्या पद्धतीने जोडलेल्या. कॅव्हन्साइटमध्ये चारांच्या आणि आठांच्या कड्या, पेंटागोनाइटमध्ये सहांच्या. त्या दुसऱ्याचे स्फटिक जोडून पाच टोकांच्या चांदणीसारखे वाढतात, म्हणून ते नाव. सिमेंट, वाळू, खडी तेवढीच घेऊन एकाने पूल बांधावा आणि दुसऱ्याने घर, तसा हा प्रकार.

मग हा एवढा दुर्मीळ का? माझा आधी समज होता की व्हॅनेडियम दुर्मीळ असेल म्हणून. पण तसं नाही. आपल्या साध्या काळ्या दगडात व्हॅनेडियम आहेच, दर दहा लाख भागांत काहीशे भाग. अहमदपूरच्या बांधावरच्या दगडातही असणार. कॅल्शियम आणि सिलिका तर भरपूर. अडचण सामानाची नाही, जुळून येण्याची आहे. पोकळी हवी, तिच्यात नेमक्या तापमानाचं पाणी यायला हवं, त्या पाण्याने व्हॅनेडियम विखुरलेल्या जागांतून गोळा करून आणायला हवं आणि ते योग्य अवस्थेत असायला हवं, आणि हे सगळं होईपर्यंत ती पोकळी दुसऱ्या कशाने भरून जायला नको. एवढ्या अटी एकाच ठिकाणी पुऱ्या होणं म्हणजे सबमिशन, ओरल आणि मेसमधली चांगली भाजी एकाच दिवशी येण्यासारखं आहे.

ही गोष्ट एकट्या व्हॅनेडियमची नाही. जस्ताचंही तेच. पत्र्याच्या बादलीवर मुलामा असतो ते जस्त बेसाल्टमध्येसुद्धा थोडं थोडं असतं, पण ते असं विखुरलेलं राहिलं तर त्याचं खनिज बनत नाही. जिथे निसर्गाने जस्त आधी एकत्र करून ठेवलं आणि मग त्यावरून सिलिका असलेलं पाणी गेलं, तिथे जस्ताचे सिलिकेट तयार होतात. त्यातला हेमिमॉर्फाइट मोठा गमतीशीर, त्याच्या स्फटिकाचं एक टोक बोथट आणि दुसरं टोकदार असतं, आणि तापवला की दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार येतो. दुसरा विलेमाइट. तो काही ठिकाणी अतिनील प्रकाशात झगझगीत हिरवा चमकतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, सुरुवातीच्या काळातल्या सीआरओच्या पडद्यावर जी हिरवी रेघ धावायची, ती चमकवणारा पदार्थ म्हणजे थोडं मँगनीज मिसळून कृत्रिमरीत्या बनवलेला हाच जस्ताचा सिलिकेट. दगडाला नावं ठेवताना जरा विचार करत चला!

असो. वाघोलीच्या निळ्या दगडाकडे परत येतो. तो कुणी भूगर्भशास्त्रज्ञाने शोधायला म्हणून खाण खोदली नव्हती. खाण होती खडीसाठी. पुणे वाढत होतं, पुलांना, रस्त्यांना, इमारतींना खडी लागत होती. सुरुंग लावणारे, डबर फोडणारे, टिपर चालवणारे हात आपल्यासारख्याच कोरडवाहू गावांतून गेलेले. त्यांच्या पोरांसाठी तिथे 'संतुलन' या संस्थेने खाणींवरच पाषाण शाळा चालवल्या. डोंगर फुटल्यावर त्या निळ्या चेंडूच्या आयुष्यात काही मिनिटंच असायची. कुणाच्या तरी नजरेला पडला तर परदेशातल्या काचेच्या कपाटात, नाही पडला तर क्रशरच्या जबड्यातून थेट काँक्रीटमध्ये. किती निळे चेंडू पुण्याच्या भिंतींत गेले असतील! २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. आता तिथे टॉवर उभे आहेत आणि आपली कितीतरी पोरं तिथल्या कॉलेजांत आणि कॉट बेसिसवर राहतात. त्यांच्या बिल्डिंगच्या पायाखाली काय आहे, हे एकदा त्यांना विचारून बघा.

इथपर्यंत हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण तात्यांची विहीर माझ्या डोक्यातून जात नव्हती. यंदा वॉटर रिसोर्सेसचा विषय आहे. त्यात बेसाल्टमधल्या भूजलावर एक धडा आहे आणि त्यातलं एक वाक्य वाचून मी वही मिटून बराच वेळ बसून राहिलो. अर्थ असा होता: बुडबुड्यांच्या पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या आणि रिकाम्या असतील तर खडक पाणी धरतो आणि सोडतो. त्याच पोकळ्या झिओलाइटसारख्या खनिजांनी भरल्या असतील तर पाण्याला जागाच उरत नाही.

मित्रहो, आलं का लक्षात? आम्ही ज्याच्याभोवती नाचलो, आज्जीने ज्याला हळदकुंकू वाहिलं, तो स्फटिकांचा खजिना तात्यांच्या विहिरीला कोरडी म्हणून सांगत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वी पाणी तिथून गेलं होतं आणि जाताना आपलाच रस्ता बुजवून गेलं होतं. आपल्याकडे अशा ठिपक्या-ठिपक्यांच्या खडकाला मांजऱ्या म्हणतात. विहिरी खोदणाऱ्या जुन्या माणसांना तो ओळखता येतो, त्याचं कारण त्यांनी पुस्तकात वाचलेलं नसलं तरी. वर झिजलेला, मुरूम झालेला असेल तर त्यात थोडं पाणी मिळतं. पण खोलवर तो न झिजलेला, पोटभर झिओलाइट खाऊन बसलेला असेल, तर सुरुंग उडवत राहा, धूर निघेल आणि कर्ज वाढेल. संग्रहालयातला माणूस ज्या पोकळीसाठी जीव टाकतो ती भरलेली असावी लागते. शेतकऱ्याला हवी असते ती रिकामी.

आणि याच झिओलाइटचं तिसरंही एक रूप आपण सगळ्यांनी बघितलं आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत माणसं ऑक्सिजनसाठी तडफडत होती, ते दिवस कोण विसरेल? त्यानंतर सरकारी दवाखान्यांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे प्लांट बसवले गेले. त्या प्लांटच्या टाक्यांत कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटच्या गोळ्या असतात. दाबाने हवा सोडली की झिओलाइटच्या आतले बारीक पिंजरे नायट्रोजनला धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे निघून जातो. दाब कमी केला की नायट्रोजन सुटतो आणि पिंजरे पुन्हा मोकळे. त्या मे महिन्यात हा झिओलाइट रोमहून विमानाने बंगळुरूला आणावा लागला होता. झिओलाइटच्या देशात झिओलाइट विमानाने! अर्थात विहिरीतला स्टिलबाइट त्या कामाचा नाही, तिथे पिंजऱ्याचं माप अगदी नेमकं लागतं. पण तत्त्व तेच, आतली रिकामी जागा कामाला येते.

आपल्या ब्रँचच्या दृष्टीनेही हे महत्त्वाचं आहे. काँक्रीटला खडी निवडताना घट्ट, एकजीव काळा पाषाण घ्यायचा आणि ठिपक्यांचा, मऊ खनिजांनी भरलेला दगड टाळायचा, हे आपण लिहितो ते याचसाठी. धरणाचा पाया असो, बोगदा असो की गावातली पाण्याची टाकी, खाली कुठला थर आहे हे आधी कळायला हवं. ते कळायची सगळ्यात स्वस्त जागा म्हणजे विहिरीचं डबर. पण आपल्याकडे डबर बांधावर फेकलं जातं आणि त्याच्यासोबत माहितीही.

या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तात्यांनी मला शेतात नेलं. बागायत करायची त्यांची इच्छा अजून मेलेली नाही. विहिरीच्या कठड्यावर उभे राहून ते म्हणाले, "इंजिनेर व्हायलास ना? मग सांग, अजून दोन परस खाली जाऊ का इथंच थांबू? का बोअर मारू हितंच?" घरात आत्तापर्यंत कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता. मार्कलिस्ट बघून शाबासकी देतात, पण दोन-अडीच लाखांचा निर्णय माझ्या तोंडाकडे बघून घ्यायचा, ही पहिलीच वेळ.

मी लगेच उत्तर दिलं नाही. दोरी लावून खाली उतरलो. नऊ वर्षांनंतरही भिंतीतले थर स्वच्छ दिसत होते. वरून दीड परस माती आणि मुरूम, मग तुकड्या-तुकड्यांचा, भेगा असलेला खडक, मग एक लालसर पट्टा, आणि त्याखाली पार तळापर्यंत तोच पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या. बोटाने चाचपत गेलो, एकही पोकळी रिकामी नव्हती. लाल पट्ट्याच्या वर मात्र एका बाजूला भेगांच्या तोंडाशी पाणी वाहून गेल्याचे पांढरे डाग होते. पावसाळ्यात तिथून झरा येत असणार. वर येऊन तात्यांना विचारलं तर ते म्हणाले, "येतंय की, श्रावणात येतंय करंगळीएवढं. पर खाली मोठं पाणी लागल म्हणून आमी त्येच्याकडं बघितलंच न्हाई."

मी त्यांना एवढंच सांगितलं की तात्या, खाली जाऊ नका. जे पाणी आहे ते वर आहे. त्या बाजूने विहीर रुंद करायची, किंवा त्या भेगांच्या पातळीला आडवी बोअर घ्यायची, आणि वरच्या नाल्याला बांध घालून पाणी तिथे मुरवायचं. त्याआधी भूजल सर्वेक्षण विभागाच्या माणसाला एकदा दाखवून घ्यायचं, कारण मी अजून तिसऱ्या वर्षातच आहे. तात्या बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पाणाड्यानं दाखवलेली जागा चुकली न्हवती, आमी लई खाली गेलो." मी काही बोललो नाही. पाणाड्याच्या नारळावर चर्चा करायला ती जागा नव्हती.

फेब्रुवारीत काम सुरू करायचं ठरलं आहे. पाणी लागेल की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लागलं तर दोन एकर भिजेल, नाही लागलं तर तात्या पुन्हा कुठल्या तरी टिपरवर जातील, आणि त्या वेळी सल्ला माझा असेल. परीक्षेत चुकलं तर बॅकलॉग लागतो, इथे तशी सोय नाही.

हॉस्टेलवरच्या माझ्या मित्रांनो, आपल्यातले निम्मे तरी शेतकऱ्यांच्या घरचे आहेत. प्रत्येकाच्या गावात या उन्हाळ्यात कुठे ना कुठे विहीर पाडली जाईलच. सुट्टीत घरी गेलात की कठड्यावर दहा मिनिटं बसा. किती फुटांवर काय लागलं, पोकळ्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, ओल कुठल्या पातळीला आहे, हे एका वहीत तारीख घालून लिहून आणा. जिऑलॉजी लॅबच्या सरांनी एक कोरं रजिस्टर काढून दिलं आहे, ते लॅबच्या टेबलावर ठेवलं आहे. पहिली नोंद आमच्या विहिरीची आहे, वरून खाली, परसाच्या मापाने. आणि डबरात कुठे मोराच्या मानेचा निळा दिसला, तर खिशात घालण्याआधी या दगड्याला एक फोन करा.